नऊ दुरुस्त्या

"कसला अर्ज होता मग लेकीचा?" ऑपरेटरने विचारलं, आणि अव्ययताईला उत्तर देता येईना.

जेवणाची सुट्टी होती. छापखान्याच्या मागच्या जिन्यावर दोघं नेहमीसारखी डबे उघडून बसली होती. ती वरच्या पायरीवर, तो दोन पायऱ्या खाली. लेकीने पहिल्यांदाच आपलं इंग्रजी तपासायला पाठवलंय, हे सकाळी तिनेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. नऊ चुका काढल्या, हेही सांगून झालं होतं. आता तो घास चावता चावता सहज विचारत होता.

"तिच्या संस्थेला द्यायचा होता," ती म्हणाली. "पाचच्या आत."

"ते कळलं हो. पण कशासाठी?"

लेक दूरच्या शहरात एका संशोधन संस्थेत दुसऱ्या वर्षाला होती. अर्ज शिष्यवृत्तीचा असेल, वसतिगृहाचा असेल, कुठल्या परिषदेला जायचा असेल. नऊच्या नऊ दुरुस्त्या तिला तोंडपाठ होत्या. एका ठिकाणी 'सिन्स' होतं, तिथे तिने 'फॉर' केलं होतं. एका ठिकाणी 'अबाउट' उगाच येऊन बसलं होतं, त्याला काट मारली होती. पण अर्ज कशासाठी होता?

"शिष्यवृत्तीचा असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? तुम्ही वाचलात ना?"

तिने डबा बंद केला. निम्मा तसाच होता.

तिचं काम ज्यांना माहीत होतं त्यांना यात फारसं नवल वाटलं नसतं. त्या छापखान्यात इंग्रजी नियतकालिकं छापत. डॉक्टरांची, इंजिनिअरांची, नद्या नि खडकांचा अभ्यास करणाऱ्यांची. लिहिणारी माणसं शिकलीसवरली. पंधरा अक्षरी शब्द त्यांचे कधी चुकत नसत. चुकत ते एवढेसे शब्द: ऑफ, टू, इन, फ्रॉम, विथ. शाळेत ज्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात, ते. संगणक लांबलचक शब्दाखाली लगेच लाल रेघ ओढी, पण 'ऑफ'च्या जागी 'फ्रॉम' आला तर दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्धच, त्याला काय कळणार? ते तिला कळे. तिच्या प्रुफांवरच्या निम्म्याहून जास्त लाल खुणा याच शब्दांना असत, आणि त्या खुणा बघून बघून चौदा वर्षं संगणकावर दुरुस्त्या करणाऱ्या ऑपरेटरने तिचं नाव अव्ययताई ठेवलं होतं. तो हे कबूल करत नसे.

"ताई, एवढासा शब्द. कुणाच्या लक्षात येणार आहे?" आठवड्यातून एकदा तरी तो म्हणे.

"चपलेत खडा गेला तर केवढा असतो?"

"पण नियम काय याला? 'डिपेंड'ला 'ऑन'च का? 'अफ्रेड'ला 'ऑफ'च का?"

"नियम नाही. नातं आहे ते. आईच्या भावाला मामाच का म्हणायचं, काका का नाही, असं विचारतोस का तू?"

"बरं, मग लग्न झालेलं माणूस 'मॅरीड विथ' की 'मॅरीड टू'?"

"टू."

"म्हणजे सोबत नाहीच. नुसतं तिकडे तोंड करून उभं राहायचं."

या विनोदावर ती इतकी हसली होती की प्रुफावर धरलेली पट्टी सरकून ओळ हरवली. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे, बरोबरच आहे.

ती एकोणिसाव्या वर्षी इथे आली. वडील इथेच जुळारी होते, छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वेचून वेचून त्यांच्या बोटांची टोकं काळी पडलेली. मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी इंग्रजी कधी कुणाशी बोलली नव्हती, आणि आजतागायत बोलत नव्हती. तिला बसवलं मोठ्या काकांच्या शेजारी. काका म्हातारे मुद्रितशोधक. हिने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, त्यांनी प्रूफ बघायचं. दोन वर्षं ती नुसती वाचत राहिली, अर्थ न कळता, आणि कानात काहीतरी साचत गेलं. कुठल्या शब्दामागून कुठला एवढासा शब्द येणार हे तिला आधीच ऐकू यायला लागलं. जसं शेजारच्या घरात पातेलं पडलं की आता सासू काय म्हणणार हे ऐकू येतं. ते ती टिपून ठेवी. छापखान्यात प्रुफांच्या लांब पट्ट्या टाकाऊ पडत, त्या शिवून तिने वह्या केल्या. आता अशा चार वह्या झाल्या होत्या. मराठीत हे शब्द नावाला चिकटून येतात, घरासाठी, घरापासून, घराजवळ. त्यांना वेगळं काढायचं म्हटलं तर कातडं सोलावं लागेल. इंग्रजीत ते सुटे, अधांतरी. म्हणून हरवतात, असं तिला वाटे. म्हणून त्यांच्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

काकांनी तिला एक गोष्ट शिकवली, आणि तीच तिची सगळी विद्या. खालून वर वाचायचं. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. बाकीचं पान पट्टीखाली झाकलेलं.

"अर्थ म्हणजे चोर," काका म्हणत. "तो तुला बोटाला धरून पुढे नेतो. तू गेलीस त्याच्या मागे, की चूक निसटली. त्याला बोट द्यायचंच नाही."

तिने कधी दिलं नाही. एकोणतीस वर्षांत हृदयाच्या झडपांवर, पुलांच्या खांबांवर, धरणांच्या गाळावर हजारो पानं तिच्या डोळ्यांखालून गेली आणि त्यातलं तिला काहीही माहीत नव्हतं. नवरा पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होता. घरोघरी जाऊन आकडे टिपायचे, कुणाचं घर, कोण राहतं, विचारायचं नाही. दोघांचंही काम वाचायचं, लेक लहानपणी म्हणायची, आणि घरात वर्तमानपत्रसुद्धा कुणी वाचत नाही.

तर सकाळी अकराला लेकीचा मेल आला. वर मराठीत दोनच ओळी: आई, हा अर्ज आहे. बघून देशील? आज पाचच्या आत द्यायचाय. तिने अर्ज छापून घेतला, कारण पडद्यावर तिला चूक दिसत नाही. मेजावर ठेवला, पट्टी लावली, लाल पेन्सिलीला टोक केलं. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात. साडेअकराला तिने त्या कागदाचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं: नऊ दुरुस्त्या. बाकी चोख. पाठव.

लेकीचं उत्तर आलं, बरं.

आता ती दोन मजले चढून वर आली, तेव्हा कागद मेजावर पितळी वजनाखाली तसाच होता. पंखा फिरत होता आणि कागदाचा एक कोपरा उचलला जाऊन परत पडत होता. तिने पट्टी बाजूला केली. खाली न बसता, उभ्याउभ्याच, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

गेले चार महिने मी निद्रानाशाने आजारी आहे. या वाक्यात दोन लाल खुणा होत्या, 'फॉर' आणि 'फ्रॉम'. रात्री दीड-दोन तासांपलीकडे झोप लागत नाही. दिलेलं काम पुरं करायला मी असमर्थ ठरते आहे, इथे 'ऑफ'. मार्गदर्शकांशी हा विषय मी दोनदा बोलून पाहिला, पहिल्यांदा ते हसले. इथली 'अबाउट'वरची काट अगदी सरळ, पट्टी लावून मारलेली. प्रयोगशाळेचं दार उघडायची मला भीती वाटते. मन मोकळं करावं असं इथे कुणी नाही. एकटेपणाची सवय होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. घरी हे सांगण्यापासून मला लाजेने रोखलं आहे. तरी या अभ्यासक्रमातून माझं नाव काढून घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

ती 'फ्रॉम'पाशी थांबली. 'प्रिव्हेंटेड मी टू' असं होतं, ते तिने बदललं होतं. सुबक केलं होतं. लाजेने रोखलं आहे, घरी सांगण्यापासून.

संस्थेच्या कार्यालयाला द्यायच्या अर्जात असं कुणी लिहितं का? तिथल्या कारकुनाला काय करायचंय, घरी सांगितलं की नाही सांगितलं? ते वाक्य कारकुनासाठी नव्हतंच. ते इतक्या साध्या पद्धतीने तिच्या मेजावर येऊन पडलं होतं, आणि तिने त्याच्यावर पट्टी ठेवली होती. आणि मग लिहिलं होतं, बाकी चोख.

एक पन्नास झाले होते. तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आठवलं, दुपारी प्रयोगशाळेत फोन आत नेऊ देत नाहीत, बाहेर कप्प्यात ठेवतात. चारला सुटका होते. हे लेकीनेच सांगितलं होतं, कधीतरी, हसत. तरी तिने आणखी चार वेळा लावला.

मग नवऱ्याला.

"अहो, परवा तुमचं तिच्याशी बोलणं झालं ना? काय म्हणाली?"

"काय म्हणणार? जेवलीस का विचारलं, जेवले म्हणाली." मागे कुत्रं भुंकत होतं, तो कुणाच्या तरी फाटकात उभा होता. "का गं?"

"आवाज कसा होता?"

"आवाजासारखा आवाज. झालंय काय?"

तिने सांगितलं. अर्धं अर्जातल्याच इंग्रजीत, कारण मराठीत सांगायला वेळ लागत होता. पलीकडे कुत्रं थांबलं.

"पण तू सकाळी मला मेसेज केलास, नऊ चुका काढल्या म्हणून."

"हो."

"मग तेव्हा नाही कळलं?"

तिने पट्टी कागदाच्या कडेशी सरळ लावली.

"बरं," तो म्हणाला. "बरं. तू जाऊन ये. मी निघालो तर तिला वाटेल काहीतरी भयंकर झालं. तू जा."

बस साडेतीनला होती. तोवर दीड तास, आणि समोर धरणातल्या गाळावरचा लेख, चारच्या आत खाली द्यायचा. हात रिकामा राहिला तर वेड लागेल म्हणून तिने तो ओढला. पट्टी लावली. शेवटचं वाक्य. गाळ जमत गेला की पाण्याला जागा उरत नाही. तिने वाक्य पुन्हा वाचलं, एवढासा शब्द शोधायला, तर पुन्हा तेच, पाण्याला जागा उरत नाही. वरचं वाक्य. तळाशी काय चाललंय हे पृष्ठभागावरून लक्षात येत नाही. तिने पट्टी खाली ठेवली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा एखादा लेख तिच्याशी बोलत होता, आणि तो गप्प बसेना.

ती खिडकीशी गेली, परत आली. पेन्सिलीला टोक केलं, ते मोडलं, पुन्हा केलं. फोन उचलून लिहिलं: पाठवू नकोस. अंगठा बटणावर गेला आणि थांबला. हे म्हणजे दहावी दुरुस्ती. पुसलं. लिहिलं: तू घरी ये. हे वाचून तर पोरगी अर्ज घेऊन धावतच सुटेल, किंवा फोनच बंद करेल. पुसलं. लिहिलं: मला आधी का नाही सांगितलंस? हे सगळ्यात वाईट होतं. जन्मभर तिच्याकडे लोक वाक्य घेऊन आले आणि तिने फक्त कुठे काय लागतं ते सांगितलं. स्वतःचं वाक्य करायची वेळ कधी आली नव्हती. चार वह्या मेजाच्या खणात होत्या. त्यात 'डॉटर' या शब्दापुढे काय लागतं याची नोंद नव्हती.

अडीचला ऑपरेटर वर आला. दारातूनच त्याने तिचं तोंड बघितलं आणि आत न येता म्हणाला, "शिष्यवृत्तीचा नव्हता."

"नव्हता."

"जा तुम्ही. मालकांना मी सांगतो."

"गाळ राहिलाय."

"गाळ मी बघतो."

"तुला नाही जमायचं. सातव्या पानावर 'कॉम्प्राइज्ड ऑफ' आहे, आणि..."

"ताई, छापू दे की एक चूक. बुडत नाही धरण."

मालक जिन्यात भेटले. तिने न विचारताच सांगितलं की ती निघाली आहे आणि लेख अर्धा आहे. मालकांनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली. ती लवकर निघाल्याचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात हे त्यांनाही ठाऊक नसावं.

बसमध्ये तिला मागून तिसरी जागा मिळाली, चाकावरची, पाय नीट ठेवता न येणारी. शेजारी एक आजी मांडीवर मोठी पिशवी घेऊन झोपल्या होत्या, इतक्या गाढ की तिला त्यांचा राग आला. मग रागाचीच लाज वाटली. पर्समध्ये अर्जाचा कागद होता. तो तिने दोनदा काढून वाचला, वरून खाली, आणि प्रत्येक वेळी लाल खुणा आधी दिसल्या, मग लेक.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"आई? सहा मिस्ड कॉल? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू... अर्ज दिलास का?"

"दिला की. दीडलाच दिला, लॅबमध्ये जायच्या आधी. तू पाठव म्हणालीस ना."

बस खड्ड्यातून गेली. आजींचं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

"हॅलो? आई, तुला एक सांगू?" लेकीचा आवाज थकलेला होता, पण त्यात हलकं असं काहीतरी होतं, जे तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं. "मला वाटलेलं तू लगेच फोन करशील. रडशील, बाबांना सांगशील, मामाला कामाला लावशील. आठ दिवस तो मेल माझ्याकडे नुसता पडून होता. आणि तू काय लिहिलंस? बाकी चोख, पाठव. मी जिन्यात बसून रडले, माहितीये? बरं वाटून. म्हटलं, आईने सगळं वाचलं आणि एक प्रश्न विचारला नाही. म्हणजे मी काही अगदीच हे करत नाहीये."

अव्ययताईने खिडकीची दांडी घट्ट धरली. काही न बोलणं किती सोपं होतं. नुसतं 'हो बाळा' म्हटलं की झालं. तिने वाचलं नव्हतं हे तिच्याखेरीज फक्त नवऱ्याला आणि ऑपरेटरला ठाऊक होतं, आणि दोघंही तिचेच. लेकीला चार महिन्यांनी पहिल्यांदा बरं वाटलं होतं, आणि ते खोट्यावर उभं होतं म्हणून काय झालं? तिच्या जिभेवर 'हो' आलासुद्धा. पण ती तर पोचणार होती, रात्री तिच्या खोलीत बसणार होती, आणि तिथे लेक उद्या-परवा पुन्हा काहीतरी सांगेल, अशीच आडून, आणि समजेल की आई वाचते.

"मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा अर्ज. मी वाचलाच नव्हता. तपासला होता."

लेकीने फार हळू विचारलं, "खालून वर?"

"खालून वर."

"पट्टी ठेवून?"

"ठेवून."

लेक हसली. ते हसणं मध्येच कुठेतरी तुटलं. "म्हणजे मी लिहिलं की मला चार महिने झोप नाही, आणि तू... तू 'सिन्स'चं 'फॉर' केलंस."

"हो."

"ग्रेट, आई."

फोन बंद झाला. लेकीने कापला की डोंगर आडवा आला, कळायला मार्ग नव्हता. फोनवर रेंजची एक रेघ दिसे, जाई, दिसे. तिने लावला, लागला नाही. उठून उभी राहिली, उभं राहून काही उपयोग नव्हता म्हणून बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, थांबा अजून लांब आहे."

चार पस्तीसला पुन्हा वाजला.

"मग आता वाचलंस?" लेकीचं नाक चोंदलेलं होतं.

"वाचलं. वरून खाली. तीनदा."

"कुठे आहेस? कसला आवाज येतोय?"

"बसमध्ये."

"बसमध्ये कशाला?"

"तुझ्याकडे यायला."

"आई, तो कारकून म्हणाला, पाचपर्यंत कागद वर जात नाही. पाचच्या आत गेलं तर परत घेता येतो. आता तू वाचलंयस ना, तर सांग. घेऊ परत?"

तिला आयुष्यात इतक्या लोकांनी इतकं विचारलं होतं, आणि तिने क्षणात सांगितलं होतं. ऑफ. टू. फ्रॉम. आता ओठ उघडले आणि आत काही नव्हतं. घे म्हणावं तर पोरीला पुन्हा त्या दारापाशी ढकलल्यासारखं. नको म्हणावं तर दोन वर्षं पाण्यात, आणि पुढे कधी लेक म्हणेल की तूच म्हणालीस. आधीच एकदा म्हणून बसली होती.

तिने पर्समधून कागद काढला आणि गुडघ्यावर सरळ केला. पहिल्या ओळीपासून.

"चार महिने म्हणजे केव्हापासून?" तिने विचारलं.

"आई, वेळ नाहीये. वीस मिनिटं आहेत."

"मला हे माहीत नाही म्हणून विचारतेय. केव्हापासून?"

लेकीने सुस्कारा सोडला. "सुट्टीवरून परत आले ना, तेव्हापासून. पहिल्याच रात्री. म्हटलं प्रवासाने असेल."

"मग रात्रभर काय करतेस?"

"काय करणार. छताकडे बघते. खोलीतली मुलगी घोरते, ते मोजते. एकदा तर उठून सगळ्या चपला धुतल्या. तिच्यासुद्धा."

"तिच्या कशाला?"

"माझ्या संपल्या म्हणून."

अव्ययताईला हसू आलं, आणि लेकीला ते ऐकू गेलं. तिने पुढची ओळ बघितली. "तुझे सर हसले, लिहिलंयस. हसले म्हणजे कसे?"

"म्हणजे... वाईट नाही. म्हणाले, संशोधन करणारा झोपतो कुठे? सगळे हसले. मी पण हसले. मग दुसऱ्यांदा गेले, तर म्हणाले, घरी बोलून घ्या."

"आणि तू घरी बोलली नाहीस."

"मराठीत तोंडातून निघेचना गं. रोज ठरवायचे. बाबा विचारायचे जेवलीस का, मी म्हणायचे जेवले. इंग्रजीत लिहायला बसले तर भराभर लिहिलं गेलं. दुसऱ्याच कुणाबद्दल लिहावं तसं."

तिने बोट पुढच्या वाक्यावर ठेवलं. दाराची भीती. तिने विचारलं, दार कसलं आहे? लेक म्हणाली, काही नाही, साधं, काचेचं, वरून स्प्रिंग असलेलं. ढकललं की मोठा आवाज होतो आणि आतले सगळे मान वर करून बघतात. रोज ती बाहेर थांबते, कुणी दुसरं आत जाईपर्यंत, आणि त्याच्या मागून जाते. कधी कधी अर्धा तास थांबावं लागतं. अव्ययताईने हे ऐकताना डोळे मिटले. शेजारच्या आजी जाग्या झाल्या होत्या आणि उघड उघड ऐकत होत्या, ऐकू देत. पुढचं वाक्य. एकटेपणाचं. त्यावर लेक बराच वेळ बोलली, आणि त्यातलं बरंचसं कागदावर नव्हतंच.

लाजेच्या वाक्यापाशी ती आली तेव्हा काही विचारलं नाही. तिथे नुसतं थांबली.

"आई," लेक म्हणाली, "पाच वाजले."

"वाजू देत."

"म्हणजे अर्ज गेला."

"कळलं मला."

"तू काही बोलणार नाहीस? बरोबर, चूक, काहीच?"

"मला माहीत नाही," अव्ययताई म्हणाली. "खरंच माहीत नाही. माझं अजून वाचून व्हायचंय."

बाहेर ऊन तिरपं झालं होतं आणि बस एका गावातून हळूहळू जात होती. दुकानांच्या पाट्या एकेक करून खिडकीतून सरकत होत्या. लेक नाक पुसत होती.

"किती वाजता पोचतेस?"

"साडेआठ म्हणतोय कंडक्टर."

"मी स्टँडवर येते."

"नको. तू झोप जरा."

"झोप येत नाही, आई. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"हो," ती म्हणाली. "मग ये."